कडीला अडकवलेली पिशवी

परवा शनिवारी कपाट आवरताना एक शंभर पानी वही सापडली. आमच्या थोरल्याची, क्रिकेटचा स्कोअर लिहायची. पण पहिल्या पानावर रन्सबिन्स काही नाहीत. तारीख आहे 4 सप्टेंबर 2018 आणि खाली गिचमिड अक्षरात, "चिऊ: प्लेटलेट 18 हजार. नॉट आऊट."

झालं. कपाट राहिलं बाजूला आणि मी फरशीवर बसून वही वाचायला लागलो. बायको दोनदा हाक मारून गेली, तिसऱ्यांदा तणतणत आली, वही बघितली आणि शेजारी बसली. दुपारच्या जेवणाला तीन वाजले. म्हटलं, या वीकांताला याच्यावरच लिहू. इतकी वर्षं या जागेवर ट्रॅफिक, ऑनसाइट, आंबे, अप्रेझल सगळ्यावर खरडून झालंय, हे मात्र कधी लिहिलं नव्हतं.

चिऊ तेव्हा पाच वर्षांची होती. मोठ्या गटात. जुलैपासून ताप यायचा, जायचा. पाय दुखतात म्हणायची, आम्ही म्हणायचो वाढीचं वय आहे, तेल चोळून देतो. मग नडगीवर निळे डाग दिसायला लागले. तेही खेळताना आपटली असेल म्हणून आठवडाभर सोडून दिले (या आठवड्याचा हिशोब मी पुढे बरेच दिवस स्वतःला विचारत होतो, डॉक्टरांनी "त्याने काही फरक पडला नसता" असं चार वेळा सांगूनही). शेवटी रक्त तपासलं. रिपोर्ट घ्यायला मी संध्याकाळी जाणार होतो, त्याआधीच लॅबवाल्याचा फोन आला. लॅबवाला स्वतःहून फोन करतो तेव्हा काय समजायचं ते मला त्या दिवशी कळलं. हिमोग्लोबिन 5.8. प्लेटलेट 18 हजार, ज्या निदान दीड लाख हव्यात. आणि पांढऱ्या पेशींमध्ये भलत्याच पेशी.

अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांना होणाऱ्या कॅन्सरमधला सगळ्यात जास्त आढळणारा हाच. कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला, नक्की झालं, आणि डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून कागदावर रेघा मारत सगळं समजावलं. उपचार अडीच वर्षांच्या आसपास. पहिला महिना सगळ्यात कठीण. 1960 च्या सुमारास या आजारातून दहातलं एखादं मूल वाचायचं, आज चांगल्या केंद्रांत दहातली आठ-नऊ मुलं बरी होतात. बायकोने "आठ-नऊ" ऐकलं. मी उरलेली एक-दोन ऐकली. आमच्या धंद्यात सवयच तशी लागते, सगळं नीट चाललं तर काय होईल याचा विचार करायचे पैसे आपल्याला कोणी देत नाही.

आता इथे थोडं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. माझे वडील एसटीत चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. आयुष्यात कोणाकडून उसने पैसे सोडा, शेजारून वाटीभर साखर आणलेली त्यांना चालायची नाही. आई कधी आणायची ती चोरून. देताना हात आखडायचा नाही आणि घेताना पसरायचा नाही, हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की ते माझ्या फर्मवेअरमध्येच आहे. तर अर्थातच मी कोणाला काही सांगितलं नाही. हापिसात "फॅमिली इमर्जन्सी" असा दोन शब्दांचा मेल टाकला आणि फोन सायलेंटवर.

तिसऱ्या दिवशी ब्लड बँकेतल्या बाईंनी विचारलं, "डोनर किती आहेत तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "मी आहे."

त्यांनी माझा दंड दाबून बघितला. "तुमच्या शिरा बारीक आहेत हो. मशीनला नाही चालणार. अजून कोण?"

अजून कोणी नव्हतं. म्हणजे होते, पण मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रक्तदान वेगळं आणि हे वेगळं. एका दात्याकडून नुसत्या प्लेटलेट घ्यायच्या असतील तर त्याला मशीनला जोडतात. रक्त एका बाजूने जातं, मशीन प्लेटलेट बाजूला काढतं आणि बाकी सगळं परत अंगात सोडतं. तास-दीड तास लागतो. त्या प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवता येत नाहीत, 20 ते 24 अंशांवर एका हलत्या ट्रेमध्ये सतत डुलवत ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत वापराव्या लागतात. म्हणजे स्टॉक करून ठेवायची सोय नाही. लागतील तेव्हा माणूस हवा. जिवंत, निरोगी, जाड शिरांचा, आणि रिकामा दीड तास असलेला.

त्या रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी टीमला मेल लिहिला. तीन ओळींचा मेल. लिहायला पन्नास मिनिटं लागली. "शक्य असल्यास" घातलं, काढलं, परत घातलं. "त्रास देतोय" घातलं. रात्री पावणेबाराला सेंड दाबलं आणि पोटात गोळा आला. भिकेचा कटोरा पुढे केल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सकाळी इनबॉक्समध्ये सत्तावीस उत्तरं होती.

सात वाजता सगळ्यात आधी कोण हजर व्हावं? आमच्या टीममधला टेस्टर. त्याचं माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. तो बग टाकणार, मी "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणून बंद करणार, तो परत उघडणार, असं दोन वर्षं चाललेलं. हा बाबा खुर्चीत पडून दीड तास चेंडू दाबत बसला. रक्त मशीनमध्ये गोठू नये म्हणून जे घालतात त्याने अंगातलं कॅल्शियम थोडं उतरतं आणि ओठांना मुंग्या येतात. त्याला आल्या. नर्सने कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. ती चघळत माझ्याकडे बघून म्हणतो, "तो 4412 नंबरचा बग तरी आता मान्य कर."

तीन दिवसांत पहिल्यांदा हसलो. हसताना रडायलाही लागलो. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं खरंच बगवरून चिडलो. (बग खरा होता. मान्य केला.)

त्यानंतर सूत्रं माझ्या हातात राहिलीच नाहीत. कोणीतरी एक्सेल शीट बनवली. नाव, रक्तगट, वजन, शिरा चालतात की नाही, शेवटचं दान कधी. पुन्हा प्लेटलेट द्यायच्या तर मध्ये निदान 48 तास जावे लागतात, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा नाही आणि वर्षातून चोवीसच्या वर नाही, तर हे सगळं फॉर्म्युल्यात बसवून ज्याचा नंबर लागू शकतो तो हिरवा, नाही तो लाल. फाइलचं नाव "प्रॉडक्शन सपोर्ट". ऑन-कॉलची पाळी लावावी तशी पाळी लागली. मला फक्त फोन यायचा, "उद्या सकाळी अमुक येतोय, तू झोप."

गणपती त्या वर्षी 13 सप्टेंबरला बसले. पंधरवड्याने चिऊला घरी सोडलं, पण एक दिवसाआड तपासणी असायचीच. नेमक्या विसर्जनाच्या दिवशी प्लेटलेट 9 हजारांवर. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी कुठूनही कुठे जायचं म्हणजे काय असतं ते पुणेकरांना सांगायला नको. पाळी ज्याची होती तो मंडळाच्या ढोल पथकात. मिरवणुकीतून निघून अडीच-तीन किलोमीटर चालत आला. डोक्यापासून पायापर्यंत गुलाल. ब्लड बँकेतल्या बाईंनी त्याला दारातच थांबवलं आणि बाथरूमचा रस्ता दाखवला. दोनदा साबण लावूनही कोपराजवळ गुलाबी राहिलंच होतं. थोरल्याच्या वहीत त्या तारखेला आहे: "9 हजार. कॅच सुटला. लाइफ मिळाली."

घरी आल्यावर खरी गंमत सुरू झाली. गंमत हा शब्द मी विचार करून वापरतोय.

पहिल्या महिन्यात प्रेडनिसोलोन देतात. स्टिरॉइड. त्याने मुलाचा चेहरा पुरणपोळीसारखा गोल होतो, चिडचीड होते आणि भूक लागते. भूक म्हणजे आपली भूक नव्हे. रात्री तीनला उठून चिऊ म्हणायची, "आई, पिठलं." साधी मागणी नाही, हुकूम. गरम, पातळ, लसणाचं, भातावर. बाहेरचं काही नाही, कच्चं काही नाही, उरलेलं शिळं नाही, असे नियम असल्यामुळे प्रत्येक वेळी ताजं करायचं. बायको उठायची, मी लसूण सोलायचो. फोडणीच्या आवाजाने थोरला उठायचा. मग आई. मग बाबा, "काय चाललंय काय" करत. आणि रात्री सव्वातीन वाजता आम्ही सहा जण स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून पिठलं-भात खायचो. बाबा एसटीच्या गोष्टी सांगायचे. कुठल्याशा घाटात गाडी बंद पडली आणि प्रवाशांनी वऱ्हाडाच्या जेवणातले लाडू कसे खाल्ले, ही गोष्ट चिऊने निदान पंधरा वेळा ऐकली आणि प्रत्येक वेळी लाडवांची संख्या वाढत गेली. नवऱ्या मुलाचा मामा आला की चिऊ खदखदून हसायची.

आजही आम्ही दोघं मान्य करतो की इतकं एकत्र आम्ही त्याआधी कधी जेवलो नव्हतो. एरवी मी दहाला घरी यायचो, बायको साडेनऊला, बाबा सातला जेवून झोपलेले. असं कोणाला सांगितलं की लोक विचित्र बघतात. बघू देत.

पाहुण्यांना घरात बंदी. पांढऱ्या पेशी इतक्या कमी की साधी सर्दीसुद्धा महागात पडली असती. न्यूट्रोफिल 500 च्या खाली आणि ताप आला तर वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल, रात्रीचे दोन असले तरी. अडीच वर्षांत असं अकरा वेळा पळालो. वहीत त्या दिवशी "पाऊस. खेळ थांबला" असं लिहिलेलं आहे.

तर बंदी असल्यामुळे लोक दाराबाहेरून जायला लागले. बेल वाजायची, दार उघडेपर्यंत कोणी नाही, कडीला पिशवी. आत डबा. कधी भाकऱ्या, कधी उसळ, कधी नुसतीच कोथिंबीर निवडून. एकदा चिठ्ठी, "जिन्यातल्या कुंड्यांना मी पाणी घालतेय, काळजी नको." एकदा थोरल्याच्या शाळेचा पूर्ण केलेला सौरमालेचा प्रकल्प, त्यात प्लूटोसकट नऊ ग्रह, म्हणजे करणारा माझ्याच पिढीतला असणार!

पहिल्या दिवशी बाबांनी पिशवी बघितली. "कोणाची आहे?"

"माहीत नाही."

"मग परत देऊन ये."

"बाबा, कोणाला परत देऊ?"

ते चप्पल घालून स्वतः गेले आणि समोरच्या-शेजारच्यांना विचारून आले. कोणी कबूल होईना. मग त्यांनी एका जागी बसून ते डब्यातलं खाल्लं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. पण आमच्याकडे परत द्यायला करणार कोण? आई आणि बायको दोघी आळीपाळीने चिऊजवळ आणि हॉस्पिटलात. डबे साठत गेले. ओट्याखाली चौदा डबे झाले. पूर्वी भांड्यांवर नावं घातलेली असायची, आता प्लास्टिकच्या डब्यांवर कुठली नावं! बाबा येता-जाता त्या ढिगाकडे असे बघायचे जसं काही सावकार दारात बसलाय.

एके संध्याकाळी हॉस्पिटलातून आलो तर बाबा जमिनीवर चौदा डबे मांडून बसलेले आणि प्रत्येकात एक-एक चमचा साखर घालत होते. चमचा काठोकाठ, हात थोडा थरथरणारा. मग दोन पिशव्यांत भरून निघाले. वरच्या मजल्यापासून सुरुवात, प्रत्येक बेल, "हा डबा तुमचा का?" तासाभरात येतील वाटलं, साडेनऊ झाले. परत आले तेव्हा एकच डबा उरला होता आणि तीन ठिकाणी चहा झाला होता. त्या बिल्डिंगमध्ये ते आमच्याकडे सहा वर्षं राहत होते आणि लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे कोणाला ओळखत नव्हते. त्या रात्री जेवताना मला सांगत होते, दुसऱ्या मजल्यावरचे सोलापूरचे आहेत, पाचव्यावरच्या बाईंचा मुलगा लहानपणी दोन वर्षं आजारी होता, तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेत आणि क्लबच्या सामन्यांना स्कोअर लिहायला जातात.

या तळमजल्यावरच्या काकांनी आमचा थोरला वाचवला. त्याचंही सांगायला हवं, कारण त्यात चूक माझी आहे. दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. तो खोलीतून आला आणि म्हणाला, "बाबा, मला पण ताप आलाय." मी थर्मामीटर बघितला आणि माझ्या पायातलं बळ गेलं. आकडाच नाही, नुसतं "एच". मग लक्षात आलं की त्याला चहाचा वास येतोय. नऊ वर्षांच्या पोराने थर्मामीटर चहाच्या कपात बुडवला होता. मी ओरडायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडे बघितलं. महिन्याभरात मी त्याच्याशी बोललो होतो ते एकच, "हात धू." दुसऱ्या रविवारपासून काका त्याला मैदानावर न्यायला लागले. पावसातला खेळ कसा नोंदवतात ते त्यांनीच शिकवलं असावं.

आता थोडं सदाफुलीबद्दल. चिऊला दर आठवड्याला शिरेतून एक औषध मिळायचं, व्हिन्क्रिस्टिन. नाव शोधलं तर निघालं, हे सदाफुलीपासून काढतात. आमच्या आईची देवपूजा ज्या फुलांवर चालते ती, कंपाउंडच्या भिंतीलगत कोणी न लावता उगवणारी. गोष्ट अशी की जमैकामध्ये या पाल्याचा काढा मधुमेहावर घ्यायचे (आपल्याकडेही लोक पानं चघळतातच). तिथून काही पानं कॅनडात रॉबर्ट नोबल नावाच्या संशोधकापर्यंत पोचली. त्याने प्राण्यांवर प्रयोग केले, साखर काही उतरेना, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या. त्याने आणि चार्ल्स बीअरने 1958 मध्ये त्यातून व्हिन्ब्लास्टिन काढलं. त्याच झाडातलं व्हिन्क्रिस्टिन नंतर आलं आणि 1963 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो पानं लागतात, आणि झाड विषारी आहे, तेव्हा घरी कोणी काढेबिढे करू नका. हे मी आईला सांगितल्यावर तिने कुठल्याशा मंत्राच्या थाटात मान डोलावली आणि म्हणाली, "म्हणूनच तर मी रोज वाहते." यावर काय बोलणार.

दुसरं औषध मेथोट्रेक्सेट. त्याच्या मागे आपला आंध्रचा माणूस आहे, भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत त्यांच्या गटाने फॉलिक अॅसिडला विरोध करणारी रसायनं बनवली, आणि बोस्टनच्या सिडनी फार्बरने 1948 मध्ये दाखवलं की त्यातल्या एकाने ल्युकेमियाच्या मुलांचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटतो. त्याआधी या मुलांसाठी काहीच नव्हतं. सुब्बाराव त्याच वर्षी गेले.

एक प्रोग्रॅमरसाठी जरा अवांतर. मेथोट्रेक्सेट पाठीच्या कण्यातही देतात, व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेत. अदलाबदल होऊन व्हिन्क्रिस्टिन कण्यात गेलं तर पेशंट जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि जगात अशा चुका झालेल्या आहेत. म्हणून 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ते सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीत पातळ करून द्या. पिशवी घेऊन कोणी कण्यात इंजेक्शन द्यायला जाणार नाही. इतकं चांगलं डिझाइन मी आमच्या कोडमध्ये अजून बघायचोय.

महिनाअखेरीला मगज परत तपासला. दहा हजार पेशींत एक वाईट पेशी शिल्लक असली तरी ओळखणारी चाचणी असते. निकाल दसऱ्याच्या आठवड्यात आला, त्या मर्यादेच्या खाली. बायको आपट्याची पानं घेऊन ब्लड बँकेत वाटून आली.

पैशाचं थोडक्यात सांगतो. हापिसचा विमा चार लाखांचा होता, तो संक्रांतीपर्यंत संपला. बायकोने नोकरी सोडली होती, फ्लॅटचा हप्ता चालूच. बाबांनी मुदत ठेव मोडली. मित्रांनी दिले ते मी घेतले, लिहून ठेवले, 2023 पर्यंत फेडले. दोघांनी परत घ्यायला नकार दिला, त्यांचे कुठे गेले ते पुढे येईल.

डे-केअरमध्ये शेजारच्या पलंगावर परभणीकडचा एक मुलगा असायचा. सहा वर्षांचा, तोच आजार. वडिलांची तीन एकर कोरडवाहू. फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालला होता, पण येण्याजाण्याचं, राहण्याचं, बुडालेल्या कामाचं कोण देणार? मी हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडे मदतीचा फॉर्म मागायला दोन दिवस कचरत होतो, तेव्हा तो म्हणाला होता, "लाजायलाव कशाला साहेब? आपल्यासाठी थोडंच मागायलाव. लेकराच्या नावानं मागायचं." आणि मला हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेला.

फेब्रुवारीत त्यांच्या दोन खेपा चुकल्या. आपल्याकडे कितीतरी मुलं औषध लागू न पडल्याने जात नाहीत, घरचे मध्येच उपचार सोडतात म्हणून जातात, हे मला तेव्हा कळलं. मुंबईत अशा मुलांना आईवडिलांसकट फुकट राहता यावं म्हणून सेंट ज्यूड इंडिया ही संस्था 2006 पासून काम करते. या मुलाला कुठेच जागा मिळाली नव्हती. "प्रॉडक्शन सपोर्ट"मध्ये दुसरी शीट उघडली गेली. ते दोन मित्रांचे पैसे त्यात गेले. गाड्यांचं काम बाबांनी घेतलं. परभणीहून पुण्याला कुठली गाडी किती वाजता, कुठे बदलायची, पोराला खिडकीची जागा कोण देईल, सगळं फोनवरून. जुन्या ओळखी निघाल्या. निवृत्त झाल्यावर इतके फोन त्यांनी कधी केले नव्हते.

मार्च 2020 मध्ये लॉकडाउन लागला आणि सगळं जगच आमच्या घरासारखं झालं. मास्क, हात धुणं, दाराबाहेर पिशव्या. आम्ही त्यात दीड वर्षं सीनियर होतो. सप्टेंबरमध्ये पाचव्या मजल्यावरच्या बाईंना कोविड झाला तेव्हा त्यांच्या कडीला बाबा पिशवी अडकवून यायचे, बेल वाजवून शक्य तितक्या पटकन पळत. ऐंशीच्या माणसाचं पळणं ते केवढं!

परभणीच्या मुलाचा आजार त्या पावसाळ्यात उलटला. नोव्हेंबरमध्ये तो गेला. आम्ही जाऊ शकलो नाही. 14 जानेवारी 2021 ला चिऊची शेवटची गोळी झाली, संक्रांत होती, आणि त्या दिवशी सकाळी पहिला फोन त्या वडिलांचा आला. "झालं ना पोरीचं?" इतकंच. मला बोलता आलं नाही, फोन बाबांनी घेतला. अजूनही दर संक्रांतीला त्यांचा फोन येतो. मी आता बोलतो. शेतीचं विचारतो, ते चिऊचं विचारतात. दुसऱ्या नावाशी आम्ही दोघंही येऊन थांबतो.

वहीचं शेवटचं पान त्याच तारखेचं आहे. "औषध बंद. डाव घोषित." खाली काकांची सही, अधिकृत स्कोअरर म्हणून.

औषधं बंद होऊन या जानेवारीत पाच वर्षं झाली. चिऊ आता सातवीत आहे. परवा आम्ही दोघं असे फरशीवर बसलेले बघून आली, वही ओढून घेतली, पानं चाळली. "अठरा हजार म्हणजे कमी का जास्त?" तिला सुया आठवत नाहीत, टकलू झाली होती तेही फोटोतच माहीत. लाडू खाणाऱ्या प्रवाशांची गोष्ट मात्र पाठ आहे. बाबा आता ऐकायला कमी आल्यामुळे ती त्यांनाच ओरडून सांगते, आणि लाडू दोनशेच्या वर गेलेत.

"तीन वाजलेत," बायको म्हणाली, "आता काय करू जेवायला?"

"पिठलं," चिऊ म्हणाली.

बेसन ओट्याखालच्या निळ्या झाकणाच्या डब्यात असतं. त्या रात्री उरलेला तो पंधराव्यातला एक... चुकलो, चौदातला एक. बाबांनी दोन वर्षं विचारून बघितलं, त्याचा मालक काही सापडला नाही. आमच्या बिल्डिंगमधलं कोणी हे वाचत असेल आणि डबा तुमचा असेल तर कळवा. बेसन काढून, साखर घालून पोचवतो.